मुलांसोबत स्वयंपाक आणि मुलांसोबत सिनेमा: पालकांना नेहमी पडणारे प्रश्न

बहुतेक घरांत संध्याकाळी एक वाटणी ठरलेली असते: मोठी माणसं स्वयंपाकघरात आणि तोवर मुलं टीव्हीसमोर. रोजच्या धावपळीत ती लागतेच, तिच्याबद्दल कुणी मनाला लावून घेऊ नये. पण अधूनमधून ती मोडावी, असं मला मनापासून वाटतं. मुलांनी ओट्यापाशी यावं आणि मोठ्यांनी मुलांशेजारी बसून सिनेमा पाहावा. ही दोन्ही कामं एकमेकांना धरून चालतात. पडद्यावर पाहिलेलं मुलाच्या मनात घोळत राहतं आणि बोलायला सुरुवात होते ती बरेचदा दुसऱ्या दिवशी, हात कशात तरी गुंतलेले असताना. खालचे बरेचसे प्रश्न या ना त्या वाटेनं तिथेच येतात.

मूल किती वर्षांचं झालं की स्वयंपाकात घ्यावं?

दोन वर्षांचं मूल भाज्या धुऊ शकतं. पाण्यात हात घालायला मिळाले की त्याला दुसरं काही नको असतं. पानं तोडणं, वाडग्यात ढवळणं, मोजून दिलेलं ओतणं हेही त्याला जमतं. चार-पाच वर्षांचं मूल उकडलेला बटाटा कुस्करतं, मटार सोलतं, लिंबू पिळतं, पीठ मळायला हात लावतं. सहा-सात वर्षांनंतर मऊ वस्तू कापणं, नऊ-दहाच्या पुढे कुणीतरी शेजारी उभं असताना शेगडीवरचं काम आणि बाराच्या आसपास एखादा अख्खा पदार्थ. वय हा फक्त अंदाज. सांगितलेलं ऐकून थांबता येतं का, हे वयापेक्षा जास्त महत्त्वाचं.

उकडलेलं अंडं सोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाकडे जरा वेळ बघा. आधी नखानं टिकलीएवढा तुकडा निघतो. मग ते अंडं हलकेच आपटून बघतं आणि तडे गेले की कान लावतं. कवचाखालचा पातळ पापुद्रा एकदा सापडला की भलामोठा तुकडा एकदम सुटून येतो आणि चेहरा उजळतो. अंड्याला दोन-चार खड्डे पडतात, पडू द्या. ते अंडं त्या दिवशी पानात उरत नाही.

सुरी कधी द्यायची?

सुरुवात लोणी लावायच्या बोथट सुरीनं करा. केळं, उकडलेला बटाटा यांना ती पुरते. पाटाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे पाट सरकत नाही. मुलाचं कोपर ओट्याच्या उंचीपर्यंत पोचत नसेल तर पक्कं स्टूल द्या किंवा सरळ जमिनीवर बसवा.

पकड दोनच शिकवायच्या. पहिली कमानीची: अंगठा एका बाजूला, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला आणि मधल्या कमानीतून सुरी खाली. दुसरी, थोडं मोठं झाल्यावर: वस्तू धरणाऱ्या हाताची टोकं आत वळवायची, म्हणजे सुरीसमोर नखं येत नाहीत, पेरं येतात. खरी सुरी द्यायची वेळ आली की धारदारच द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती निसटते. आणि सुरी हातात असताना टीव्ही बंद. हा नियम मोठ्यांनाही लागू.

शेगडीची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती रास्त आहे. शेगडीभोवती साधारण एक मीटरचा पट्टा लहान मुलांसाठी बंद, असं ठरवून टाका. जमिनीवर चिकटपट्टी लावली तर तीन वर्षांच्या मुलालाही ती हद्द कळते. भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवा. झाकण उघडताना ते आपल्यापासून लांबच्या बाजूनं उचलायचं, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. हे मुलांना करून दाखवा. तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच ओतायचं नाही. शेगडी बंद करायची, झाकण सरकवून ज्वाळा कोंडायची आणि भांडं हलवायचं नाही.

भाजलंच तर त्या जागेवर वीस मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी सोडा. वीस मिनिटं फार लांब वाटतात, रडणारं मूल मांडीवर असताना तर आणखीच, पण तेवढी लागतात. बर्फ, टूथपेस्ट, लोणी यातलं काहीही लावू नका. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. चेहरा, हाताचे पंजे किंवा सांधे भाजले असतील, मोठा फोड आला असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर थेट डॉक्टर.

मूल सोबत असलं की दुप्पट वेळ जातो. रोज कसं जमणार?

रोज जमणार नाही आणि रोज करूही नये. रोज एकच काम मुलाचं म्हणून ठरवा. पाण्याचे पेले भरणं किंवा पालेभाजी निवडणं चालेल, पण ते खरं काम हवं. नुसतं गुंतवून ठेवायला दिलेलं काम मुलांना लगेच ओळखू येतं. पूर्ण पदार्थ मुलासोबत करायचा तर घाई नसलेला दिवस निवडा.

दिवसात टीव्ही किती वेळ चालेल?

पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्पष्ट सांगितलं आहे: दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीनसमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, त्याहून कमी असेल तर चांगलंच. दूर राहणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं मी यात धरत नाही. तिथे समोरचं माणूस उत्तर देतं.

त्यापुढच्या वयासाठी मी घड्याळापेक्षा उलट बाजूनं मोजते. झोप पुरेशी झाली का, मूल धावलं-खेळलं का, जेवण टेबलाशी झालं का, अभ्यास झाला का? हे सगळं होऊन जो वेळ उरतो त्यातला टीव्ही. आणि झोपायच्या आधीचा तासभर पडदा नको, कारण उत्तेजित झालेलं मूल अंथरुणावर तळमळत राहतं.

सोबत बसून पाहणं म्हणजे नेमकं काय? आम्ही त्याच खोलीत असतो.

त्याच खोलीत मोबाइल बघत बसणं म्हणजे सोबत पाहणं नव्हे. फरक मुलाच्या मानेवरून कळतो. काही गंमत झाली, काही भीतीदायक आलं की मूल आधी वळून तुमच्याकडे बघतं. तुम्ही हसताय की दचकलात हे त्याला पाहायचं असतं. त्या क्षणी तुमची नजर पडद्यावर असली पाहिजे.

तीनेक वर्षांखालची मुलं पडद्यावरून फारसं शिकत नाहीत. जी गोष्ट समोरच्या माणसानं दाखवली की चटकन उचलतात, तीच व्हिडिओत दाखवली तर त्यांना जड जाते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. शेजारच्या मोठ्यानं मध्येमध्ये बोट दाखवून नाव सांगितलं, ‘असंच आपण काल केलं होतं ना?’ म्हटलं की पडद्यावरचं आणि घरातलं जोडलं जातं. मोठ्या मुलांना मात्र मध्ये बोललेलं खपत नाही. त्यांच्याजवळ गप्प बसायचं.

सिनेमाला वयाचं प्रमाणपत्र असतं. तेवढं पाहिलं की झालं ना?

सुरुवात म्हणून चांगलं, पण पुरेसं नाही. प्रमाणपत्र देणारी मंडळं हिंसा, शिव्या, नशा, लैंगिक दृश्यं मोजतात. तुमच्या मुलाची आजी मागच्या महिन्यात गेली, हे त्यांना ठाऊक नसतं. सर्वांसाठी म्हणून आलेल्या चित्रपटात आई किंवा वडील पहिल्या दहा मिनिटांत मरतात, हे तर नेहमीचं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली होती. तिच्यात मुलांचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट आणि मोठ्यांचे ९० नाट्यपट यांची तुलना होती. मुलांच्या चित्रपटांत प्रमुख पात्र मरण्याचा धोका मोठ्यांच्या चित्रपटांपेक्षा अडीच पट निघाला आणि त्या पात्राच्या आईवडिलांचा पाच पट.

म्हणून मुलांचे चित्रपट टाळा असं मी म्हणणार नाही. मृत्यूबद्दल पहिल्यांदा बोलायला चित्रपट ही चांगली जागा आहे, कारण दुःख दुसऱ्याचं असतं आणि मांडी आपल्या आईची असते. फक्त आधी स्वतः पाहून ठेवा. अख्खा पाहायला वेळ नसेल तर पहिली वीस मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं पाहा. बहुतेक धक्के तिथेच असतात.

मूल घाबरलं. बंद करायचं की ‘खोटं असतं ते’ असं समजवायचं?

वयावर आहे. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्याला घाबरतं: वाकडा चेहरा, अचानक बदलणारं रूप, मोठा आवाज. त्याला ‘हे खोटं आहे’ सांगून उपयोग होत नाही. ते मान डोलावेल आणि रात्री उठून बसेल. त्याला कुशी लागते, दिवा लागतो, दृश्य थांबलेलं लागतं. आठ-नऊच्या पुढचं मूल उलट, जे खरंच घडू शकतं त्याला घाबरतं. चोरी, अपघात, आग, आईबाबा हरवणं. राक्षस पाहून ते हसेल आणि बातम्यांतला पूर पाहून झोपणार नाही. त्याच्याशी मात्र नीट बोलता येतं. आपल्याकडे असं झालं तर आपण काय करू, हे त्याला तपशिलात सांगा. तपशिलानं धीर येतो.

एक युक्ती दोन्ही वयांत चालते: आवाज बंद करा. भीतीचं निम्मं काम संगीत करतं. तेच दृश्य आवाजाशिवाय लावलं की मुलाला दिसतं, एक माणूस जिना चढतोय, एवढंच. मग आवाज परत सुरू करायचा की नाही हे मुलानं ठरवायचं. रिमोट त्याच्या हातात दिला की पोटातला गोळा जरा सैल होतो. आणि ‘एवढ्याशाला काय घाबरतोस’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. ते ऐकल्यावर मूल घाबरायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं.

खोलीत पूर्ण अंधार केला तर चालतो का?

एक मंद दिवा असू द्या. अंधारात लुकलुकणारा प्रकाश काही मुलांना बाधतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या झगमगाटानं सहाशेहून अधिक मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. असा त्रास विरळा, आणि त्यानंतर टीव्हीवरच्या झगमगाटाचे नियमही कडक झाले, तरी पडद्यापासून लांब बसणं आणि खोलीत थोडा उजेड ठेवणं सोपं आहे. असा झगमगाट अचानक आला आणि मुलाला कसंसंच झालं, तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून तोंड फिरवायचं. मुलाला झटके येऊन गेले असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

सिनेमा संपला की मी विचारते, ‘कसा वाटला?’ उत्तर येतं, ‘छान.’ पुढे कसं जायचं?

तेव्हा पुढे जायचंच नाही. सिनेमा नुकताच संपलेला असतो, मूल अजून आत असतं आणि प्रश्न परीक्षेसारखा येतो. गप्प बसा, पाणी द्या, झोपवा.

दुसऱ्या दिवशी मटाराची परडी पुढ्यात घ्या आणि त्याला शेजारी बसवा. मटार सोलण्यात डोळे खाली असतात, बोटं चालू असतात, समोरासमोर बघावं लागत नाही आणि गप्प राहिलं तरी अवघडायला होत नाही. शेंग दाबली की टचकन उघडते, दाणे पडतात, दोन-तीन तोंडात जातात. आणि मग कुठूनही सुरुवात नसताना प्रश्न येतो, ‘त्याचे बाबा शेवटी आलेच नाहीत ना?’ आमच्या घरी तो असाच आला, वाटी निम्मी भरलेली असताना. मी हातातली शेंग खाली ठेवली नाही. ठेवली असती तर गोष्ट फार गंभीर झाली असती. ‘नाही आले,’ एवढंच म्हटलं आणि पुढची शेंग घेतली. त्यानंतर बोलणं झालं ते वाटी भरेपर्यंत पुरलं: माणूस परत का येत नाही, सांगून का जात नाही, तुम्ही दोघं कामाला जाता तेव्हा काय.

यासाठी कामही तसंच निवडा. ज्यात हात गुंततात पण डोकं मोकळं राहतं असं: सोलणं, निवडणं, मळणं, भांडी पुसणं. तळताना किंवा मोजमाप करताना असं बोलणं होत नाही, लक्ष तिथे लागतं. मिक्सरच्या आवाजात तर नाहीच. आणि आपण काही विचारायचं असेल तर पात्रांबद्दल विचारा, मुलाबद्दल नाही. ‘तुला भीती वाटली का?’ याला ‘नाही’ हे उत्तर तयार असतं. ‘ती दाराआड का लपली असेल?’ याला उत्तर शोधावं लागतं, आणि शोधताना मूल स्वतःचंच सांगून जातं.

चित्रपट कसा बनतो हे मुलांना घरी दाखवता येईल का?

हा माझा फार आवडता भाग आहे, आणि तो स्वयंपाकघरातच होतो.

चित्रपटातले पुष्कळसे आवाज चित्रीकरणाच्या वेळचे नसतात. पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे नंतर स्टुडिओत चित्र समोर लावून, त्याच्या तालात वाजवलेलं असतं. या कामाला फोली म्हणतात, ते जॅक फोली यांच्या नावावरून. १९२०च्या दशकाच्या अखेरीस चित्रपट बोलू लागले तेव्हा हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत त्यांनी हे तंत्र घडवलं. आणि या कलाकारांचं अर्धं सामान भाजीच्या टोपलीतलं असतं. हाड मोडल्याचा आवाज सेलरीची जुडी पिळून काढतात. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. बर्फावरची पावलं म्हणजे पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर.

हे शेवटचं लगेच करून बघा. कॉर्नफ्लोअर एका जाड कापडी पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि मुलाला डोळे मिटून ती मुठीत दाबायला सांगा. करकर असा कोरडा, दबका आवाज येतो. पाऊल टाकल्यासारखं एका लयीत दाबलं की कुणीतरी खरंच बर्फातून चालत आल्यासारखं वाटतं. मग मुलं घरभर आवाज शोधत सुटतात. तव्यावर तळणीचा आवाज ऐका, डोळे मिटले तर पाऊस. पारदर्शक चुरचुरीत कागद चुरगाळला तर शेकोटी. एखाद्या चित्रपटाचं मिनिटभराचं दृश्य आवाज बंद करून लावा आणि मुलांना त्याला आवाज द्यायला सांगा. इतकं बारकाईनं मुलं एरवी पडदा बघत नाहीत: पाऊल नेमकं कधी पडतं, दार ओढलं जातं की ढकललं जातं.

चित्राचंही तसंच. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून जातात. वस्तू थोडी थोडी हलवून फोटो काढत ॲनिमेशन करतात तेव्हा बरेचदा एकेक फोटो दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटो पुरतात. मळलेल्या पिठाचा एक छोटा प्राणी करा, मोबाइल पक्का टेकवा आणि त्याला टेबलभर चालवा. दहा सेकंदांना १२० फोटो. वीस-पंचवीस फोटोंनंतर मूल म्हणेल, ‘बापरे.’ त्यानंतर कुठलंही कार्टून ते वेगळ्या आदरानं बघतं. शिवाय भीतीवरही याचा उपयोग होतो. हाड मोडल्याचा आवाज ज्यानं स्वतः काढला आहे, त्याला ते दृश्य पुन्हा पूर्वीइतकं गिळत नाही.

जेवताना टीव्ही लावावा का?

रोजच्या जेवणाला नको, यावर मी ठाम आहे. पडद्यावर लक्ष असताना पोट भरल्याचं कळत नाही, त्यामुळे काही मुलं जास्त खातात. काहींचा घास तोंडातच राहतो. लहान मुलाला कार्टूनसमोर भरवलं की ताट रिकामं होतं हे खरं, पण त्यानं काय खाल्लं हे त्याला माहीत नसतं, आणि चव ओळखीची व्हायला ती लक्षात यावी लागते. सवय लागली असेल तर एका दिवसात तोडू नका. आधी एका वेळचं जेवण पडद्याविना करा, शक्यतो ज्यात मुलानं काहीतरी केलं आहे असं. आपण सोललेलं अंडं ताटात असलं की बोलायला विषय असतो.

मग सिनेमाच्या रात्री खायला काय द्यावं?

आधी नीट जेवण, मग सिनेमा, आणि सिनेमात हातानं खाता येईल असं थोडंसं. पण चार वर्षांखालच्या मुलाला पॉपकॉर्न नको, पाचखालच्या मुलाला अख्खे दाणे-सुकामेवा नको, आणि द्राक्षं द्यायची तर उभी चिरून, चार भाग करून. हे पदार्थ नेमके घशाच्या मापाचे असतात. लोळत, हसत, अंधारात खाताना ठसका लागायची शक्यता आणखी वाढते. खाताना मूल ताठ बसलेलं असावं. घास अडकला तर काय करायचं, याचं प्रशिक्षण घरातल्या एका तरी माणसानं प्रत्यक्ष घेतलेलं असावं. वाचून ते हातात येत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसोबत पॉपकॉर्न घरीच फोडा, झाकण ठेवून. दाण्याच्या आत थोडं पाणी असतं. दाणा साधारण १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्याची वाफ कवच फोडून बाहेर येते आणि आतलं पीठ फुलतं. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडलं की शेगडी बंद. हे मोजण्याचं काम मुलाचं.

सिनेमा सुरू झाला आणि उरलेला भात ओट्यावरच राहिला. चालतो?

इथे नियम सोपा आहे: शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सिनेमाही साधारण तेवढाच असतो, आणि जेवण त्याच्या आधी झालेलं असतं, म्हणजे मुदत टळलेलीच असते. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. भाताची तर जास्त काळजी घ्या: एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात, जे पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून ‘प्ले’ दाबण्याआधी उरलेलं उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये. हे काम मुलांना वाटून द्या, पाच मिनिटांत होतं.

‘भाजी संपव, मग कार्टून’ हे चालतं का?

त्या दिवशी चालतं. पण बक्षीस मिळवण्यासाठी खाल्लेला पदार्थ मुलांना पुढे कमी आवडू लागतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. मूल सरळ हिशेब करतं: हे खायला काहीतरी द्यावं लागतंय, म्हणजे हे वाईटच असणार. नवी चव स्वीकारायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. तेव्हा थोडीशी वाढा, आग्रह करू नका, पुन्हा काही दिवसांनी वाढा. कार्टूनचा वेळ त्याच्या जागी, जेवण त्याच्या जागी. मुलाला ती भाजी धुवायला, चिरायला, हुंगायला मिळाली तर ती समोर येण्याची मोजदाद ओट्यापासूनच सुरू होते.

स्वयंपाक करताना मूल कच्चं पीठ चाटतं. काही होतं का?

होऊ शकतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो हे बरेच जण जाणतात, पण पीठही कच्चंच असतं, त्यातही जंतू असू शकतात. ते दळलेलं असतं, शिजवलेलं नसतं. चाटायला म्हणून चिरलेलं फळ बाजूला ठेवा.

टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात सगळं अर्ध्या तासात होतं. घरी का नाही, असं मुलगी विचारते.

तिला कार्यक्रम पुन्हा लावून द्या आणि काय दिसत नाही ते शोधायला सांगा. भांडी कोण घासतं? कांदा आधीच चिरलेला कुठून आला? भट्टीत घातलेला पदार्थ आणि बाहेर आलेला पदार्थ तोच आहे का? बरेचदा दुसरा आधीच करून ठेवलेला असतो. जाहिरातींच्या छायाचित्रांत तर दिव्यांखाली आइस्क्रीम वितळतं म्हणून त्याच्या जागी कुस्करलेला बटाटाही वापरला गेला आहे. मुलांना ही शोधाशोध फार आवडते. हीच नजर खाऊच्या जाहिरातींवरही वळवा. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरात आपल्याला काही विकायला आली आहे हे नीट कळत नाही, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटतो. म्हणून लहानांसाठी जाहिराती नसलेलं काही निवडलेलं बरं.

मूल एकच सिनेमा पुन्हा पुन्हा लावतं.

लावू द्या. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याचं सुख त्याला हवं असतं, आणि प्रत्येक वेळी त्याला नवं काहीतरी कळत असतं. मात्र एकाच भीतीदायक दृश्यापाशी मूल परत परत येत असेल, तर मनात काही अडकलं आहे. मटार काढा.

टीव्ही बंद केला की आकांत.

‘पाच मिनिटांत बंद’ हे लहान मुलाला कळत नाही. पाच मिनिटं त्याला दिसत नाहीत. ‘हा भाग संपला की बंद’ हे कळतं. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि बंद केल्यावर हातात लगेच काम द्या. रिकाम्या हातांचं मूल जास्त रडतं. ‘चल, पेले भरायचेत’ हे मी सांगितलेल्या कुठल्याही समजुतीपेक्षा जास्त चालतं.

एक मूल चार वर्षांचं, दुसरं अकराचं. काय लावायचं?

लहानाच्या सोयीचं सगळ्यांनी मिळून पाहायचं आणि मोठ्याचं धाकटा झोपल्यावर. दर वेळी धाकट्याचंच चालतं असं मोठ्याला वाटू नये म्हणून त्याचा वेळ ठरलेला आणि न मोडणारा असावा. स्वयंपाकात ही अडचण येत नाही. मोठा कापतो, धाकटा ढवळतो.

आजी-आजोबांकडे नियम वेगळे असतात.

असू द्या. सुरी, शेगडी, घशात अडकणारे पदार्थ आणि वयाला न शोभणारी दृश्यं, एवढ्याच गोष्टींवर आग्रह धरा आणि तो मुलांसमोर नको, आधीच बोलून घ्या. बाकी त्यांच्या घरची चव आणि त्यांच्या आवडीचे जुने चित्रपट मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

तेरा-चौदा वर्षांचं मूल आता आमच्यासोबत बसतच नाही.

निवड त्याच्याकडे द्या, खरोखर द्या. त्या रात्री काय शिजवायचं आणि काय पाहायचं, दोन्ही तो ठरवेल, तुम्ही चिरून द्याल. चित्रपट तुम्हाला कंटाळवाणा वाटला तरी शेवटपर्यंत पाहा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मध्येच उठून ‘मला हे कळत नाही बाबा’ म्हणालात तर पुढचं आमंत्रण येणार नाही. त्याला त्यात काय आवडलं ते विचारा आणि ऐका. तुमचं मत त्यानं विचारलं तर खरं सांगा, आवडलं नाही तर तसंही. या वयाच्या मुलांना गोड बोललेलं लगेच कळतं. चित्रपट परक्या भाषेतला असेल तर मूळ आवाज आणि खाली मजकूर लावा. या वयात वाचायचा वेग असतो आणि कलाकाराचा खरा आवाज ऐकू येतो. भांडी त्यानंच घासावीत, असा आग्रह त्या रात्री धरू नका. तो ओल्या हातानं घासत असेल आणि तुम्ही शेजारी पुसत असाल तर उत्तमच, कारण बोलणं तिथे होईल.